चित्रप्रवाह, घरगुती

घरातील एका संगणकावर साठवून ठेवलेली चलच्चित्रे त्याच घरातील इतर पडद्यांवर मागणीनुसार व अखंडपणे पोहोचविणाऱ्या व्यवस्थेस घरगुती चित्रप्रवाह व्यवस्था म्हणतात. साठवण करणाऱ्या व मागणी पुरविणाऱ्या संगणकास सर्व्हर ही संज्ञा आहे. दूरचित्रवाणी संच, मोबाइल इ. मागणी करणारी साधने ही त्याची ग्राहक-उपकरणे होत. संपूर्ण चित्रपट आधी उतरवून घेऊन मग पाहणे आणि तो येत असतानाच पाहणे, यांपैकी दुसऱ्या प्रकारास ‘प्रवाह’ हे नाव पडले. आधुनिक व्यवस्थांत मागणी ब्राउझरमधून नोंदविता येते. सर्व्हरचा पत्ता दिला की संग्रहाची सचित्र यादी पानावर उमटते व हवे ते निवडता येते.

या व्यवस्थेचा इतिहास येथे चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांच्या संदर्भात दिला आहे. चित्र कोठे साठविले आहे, हा मोठ्या शहरात केवळ सोयीचा प्रश्न असतो. बाहेरची तार बारीक असलेल्या प्रदेशात चित्र दिसणार की नाही, हेच त्यावर ठरते. संग्रह पाहणाऱ्याच्या जवळ असण्याची गरज या भागाला संगणकाच्या कितीतरी आधीपासून जाणवत आली आहे.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. विभाजनोत्तर चंद्रपूरचे क्षेत्रफळ ११,४४३ चौ. किमी., तर गडचिरोलीचे १४,४१२ चौ. किमी. असून गडचिरोलीचा सु. ७० टक्के भाग वनाच्छादित आहे. चंद्रपूरच्या पश्चिम भागात कोळशाच्या खाणी, बल्लारपूरची कागद गिरणी व १९८०–९० या दशकात उभे राहिलेले औष्णिक विद्युत् केंद्र यांमुळे औद्योगिक वसाहती वाढल्या. पूर्वेकडे व दक्षिणेकडे मात्र वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती आणि त्यांच्या उपनद्यांनी तोडलेला मुलूख आहे. पर्लकोटेच्या पुरामुळे भामरागडचा संपर्क तुटण्याचे प्रसंग वारंवार आलेले आहेत. भाषाही एक नाही. मराठी व तिची झाडीबोली, गोंडी, माडिया, सिरोंचाकडे तेलुगू, पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली, छत्तीसगढच्या सीमेलगत छत्तीसगढी अशी ही सरमिसळ आहे. दूरच्या केंद्रातून एका भाषेत येणारा कार्यक्रम सर्वांचा होऊ शकत नाही, हे यावरून ध्यानी येईल.

करमणुकीच्या बाबतीत हा प्रदेश कधीच रिकामा नव्हता. भाताची कापणी आटोपल्यावर, दिवाळीनंतरच्या मंडईपासून थेट उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत झाडीपट्टीत रात्रभर नाटके चालतात. देसाईगंज (वडसा) हे या नाट्यव्यवसायाचे प्रमुख केंद्र होय. दंडार, खडी गंमत यांसारख्या जुन्या प्रकारांशी नाते ठेवून वाढलेली ही रंगभूमी चित्रपट व दूरचित्रवाणी या दोहोंच्या आक्रमणानंतरही टिकली. या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. मात्र नाटक हे क्षणजीवी असते. तंबूतील चित्रपट प्रक्षेपकाबरोबर रिळांच्या पेट्याही आणीत असे व तोच खेळ दुसऱ्या गावीही दाखवीत असे. नाटकाचे रीळ नव्हते. चलच्चित्र जवळ साठविण्याची सोय झाली, तेव्हा या भागात तिचा अर्थ दुहेरी झाला : बाहेरचे येथे आणणे आणि येथले टिकविणे. पहिल्या अर्थाला गिऱ्हाईक भरपूर मिळाले, दुसऱ्याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

दूरचित्रवाणी भारतात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीस व २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईस सुरू झाली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सु. २,४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्याचा प्रयोग झाला. त्यातील सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. शेजारच्या रायपूर विभागातील खेड्यांत सामुदायिक संच लागले, पण सीमेच्या अलीकडील जंगलात नाही. इन्सॅट-१बी हा उपग्रह १९८३ मध्ये प्रक्षेपित झाल्यावर, विशेषतः १९८४ पासून, लहान शक्तीची प्रक्षेपण केंद्रे देशभर झपाट्याने उभारण्यात आली. शंभर वॅटच्या अशा केंद्राचा पल्ला साधारणतः २५ किमी. असे. शहराला ते पुरते. डोंगर व दाट झाडी असलेल्या मुलखात उंच बांबूवर आकाशक बांधून व तो फिरवीत बसूनही पडद्यावर पुष्कळदा ‘मुंग्या’च दिसत.

व्हिडिओ फितीने ही कोंडी फोडली. सोनी कंपनीची बेटामॅक्स पद्धती १९७५ मध्ये व जेव्हीसीची व्हीएचएस पद्धती १९७६ मध्ये बाजारात आली. भारतात व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर १९८० नंतर व विशेषतः १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास पसरला. यंत्राची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असल्याने ते विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणण्याचा प्रघात पडला. रंगीत संच, यंत्र व तीन-चार कॅसेटी एका रात्रीसाठी आणावयाच्या, वर्गणी काढावयाची आणि अंगणात सतरंज्या अंथरून पहाटेपर्यंत लागोपाठ चित्रपट पाहावयाचे, हे दृश्य महाराष्ट्रातील लहान गावांत दशकभर सर्वपरिचित होते. रात्रभर जागण्याची सवय झाडीपट्टीला नाटकांनी लावलेलीच होती. येथे प्रथमच चित्राचा साठा प्रेक्षकाच्या हाती आला : केव्हा पाहावयाचे, कोठे थांबवावयाचे, कोणते गाणे पुन्हा लावावयाचे हे तो ठरवू लागला.

याच यंत्रापासून दुसरी वाट फुटली व घरगुती सर्व्हरचा खरा पूर्वज तीच मानावयास हवी. मुंबईच्या उंच इमारतींत १९८४ च्या सुमारास एका खोलीत व्हिडिओ यंत्र ठेवून त्याचे चित्र समाक्ष केबलद्वारे सर्व घरांत पोहोचविण्यास आरंभ झाला. पाहता पाहता हा धंदा जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावी पोहोचला. यंत्रातून निघणारा संदेश मॉड्युलेटरने दूरचित्रवाणीच्या एखाद्या रिकाम्या वाहिनीच्या कंप्रतेवर चढवावयाचा, विवर्धकाने त्याची शक्ती वाढवावयाची आणि विजेच्या खांबांवरून, झाडांवरून, कौलांवरून तार ओढून गल्लीतील घरे जोडावयाची, एवढेच त्याचे तंत्र होते. दूर गेलेल्या तारेवर पुन्हा विवर्धक बसवावा लागे व प्रत्येक विवर्धकाबरोबर चित्रातील खरखरही वाढे. केबलवाल्याच्या घरातील ही खोली म्हणजे त्या वस्तीचे प्रसारण केंद्रच होते. त्याने कॅसेट लावली की चित्रपट सुरू, त्याच्याकडील वीज गेली की सर्वांचा बंद. अमुक चित्रपट लावावा म्हणून चिठ्ठी पाठविण्याची वा दारात जाऊन सांगण्याची रीत होती. आजच्या जालपृष्ठावरील यादीचे काम ती चिठ्ठी करीत असे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

या व्यवस्थेची मर्यादा मूलभूत स्वरूपाची होती. एक यंत्र, एक कॅसेट, एक वाहिनी : सर्व घरांना एकाच क्षणी एकच चित्र. उशिरा आलेल्याला आरंभ पुन्हा पाहता येत नसे. शिवाय हक्कधारकाची परवानगी क्वचितच घेतलेली असे. १९९१ मध्ये आखाती युद्धाची दृश्ये व त्यामागोमाग स्टार वाहिन्या, तर २ ऑक्टोबर १९९२ पासून झी या उपग्रह वाहिन्या आल्यावर केबलवाल्याच्या छपरावर मोठी तबकडी चढली व त्याच्या खोलीतील कॅसेटचे महत्त्व उतरले. साठवण करणारा तो नुसता पोहोचविणारा झाला. केबल दूरचित्रवाणी जाळे विनियमन अधिनियम १९९५ मध्ये झाला व हा धंदा नोंदणीखाली आला.

चित्र अंकीय रूपात मांडण्याच्या तंत्राने वरील मर्यादा दूर केली. शेजारच्या चित्रचौकटींतील बहुतांश भाग सारखाच असतो. तो पुनःपुन्हा न नोंदविता केवळ बदल नोंदवावयाचा, या तत्त्वावर संपीडन चालते. १९९३ मध्ये आलेल्या व्हिडिओ सीडीवर सु. ७४ मिनिटांचे चित्र मावे; म्हणून हिंदी चित्रपटाला दोन किंवा तीन तबकड्या लागत. पुढे एच.२६४ (२००३) या संकेतन पद्धतीमुळे त्याहून कितीतरी स्वच्छ चित्र थोड्या जागेत राहू लागले. मोबाइल स्वस्त झाल्यावर, इंटरनेट पोहोचण्याआधीच, बाजारच्या गावी दुकानदाराकडून मेमरी कार्ड ‘भरून’ घेण्याची प्रथा देशभर पडली. दुकानातील संगणक हा साठा व आठवडी बाजाराला आलेला माणूस हीच तार, असा हा प्रवाह होता. त्याची गती मंद असली तरी त्याला मनोऱ्याची गरज नव्हती.

जाळ्यावरून चित्र वाहते करण्याचा महत्त्वाचा प्रयत्न पॅरिसजवळील ‘इकोल सेंत्राल’ या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेच्या वसतिगृहात झाला. विद्यार्थ्यांना वेगवान जाळे हवे होते. ते मिळविण्यासाठी त्यांनी उपग्रह वाहिन्या जाळ्यावरून खोलीखोलीत पोहोचविण्याची योजना पुढे केली. १९९६ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाचे नाव व्हिडिओलॅन. त्यात सर्व्हर व ग्राहक असे दोन भाग होते. २००१ मध्ये तो मुक्त परवान्याखाली खुला झाला आणि त्यातील ग्राहकभाग व्हीएलसी या नावाने जगभर पसरला. छपरावर एक तबकडी व खाली अनेक खोल्या, हे चित्र भारतीय केबलवाल्याला अपरिचित वाटले नसते.

आरंभीच्या प्रवाहपद्धतींना खास सर्व्हर व खास नियमावली लागे. निर्णायक बदल त्यानंतर झाला : चित्राचे काही सेकंदांचे लहान तुकडे करावयाचे आणि ते सामान्य वेबपानाप्रमाणेच एकामागून एक पाठवावयाचे. ॲपल कंपनीची एचएलएस पद्धती (२००९) व आंतरराष्ट्रीय मानक झालेली डॅश पद्धती (२०१२) या तत्त्वावर आधारलेल्या आहेत. प्रत्येक तुकडा दोन-तीन दर्जांत तयार ठेवला, तर तार बारीक होताच हलका तुकडा मागविता येतो. चित्र धूसर होते, पण थांबत नाही. ब्राउझरमध्येच चित्र दाखविण्याची सोय एचटीएमएल-५ या २०१४ मध्ये मान्य झालेल्या मानकाने पक्की केली आणि स्वतंत्र जोडआज्ञावलीची गरज संपली.

घरगुती सर्व्हरच्या आज्ञावल्यांची वंशावळ गुंतागुंतीची आहे. २००२ मध्ये सुरू झालेली मिथटीव्ही ही दूरचित्रवाणीचे कार्यक्रम नोंदवून ठेवण्यासाठी होती. एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी लिहिली गेलेली एक्सबीएमसी पुढे सर्व संगणकांवर चालू लागली व २०१४ मध्ये तिचे नाव कोडी झाले. तिच्यापासून २००८ मध्ये प्लेक्स निघाली. एंबी ही आज्ञावली २०१८ च्या अखेरीस मुक्त परवान्यातून बाहेर पडली, तेव्हा तिच्या खुल्या प्रतीवरून स्वयंसेवकांनी जेलीफिन उभारली. या भेदाचे कारण केवळ तात्त्विक नाही. प्लेक्समध्ये सर्वसाधारणपणे कंपनीच्या केंद्रीय सर्व्हरवर खाते उघडावे लागते, आणि घराबाहेरून आपलाच संग्रह पाहण्याची सोय तिने २०२५ मध्ये सशुल्क केली. जेलीफिनमध्ये खाते घरच्याच संगणकावर असते. बाहेरची तार तुटली तरी प्रवेश अडत नाही. पावसाळ्यात तार तुटणे गृहीत धरावे लागते अशा मुलखात निवड करताना इतर सर्व गुणांपेक्षा या एका गुणाला अधिक वजन द्यावे लागते.

उभारणीस लागणारे साहित्य थोडे आहे : एक लहान वा जुना संगणक, एक मोठी चुंबकीय तबकडी आणि घरातील उपकरणे जोडणारा राउटर. राउटर येथे इंटरनेटसाठी नसून आपापसांतील जोडणीसाठी असतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. संगणकावर लिनक्ससारखी कार्यप्रणाली व तिच्यावर सर्व्हर-आज्ञावली बसविल्यावर चित्रांच्या कप्प्यांचा ठावठिकाणा तिला सांगितला जातो. त्यानंतर घरातील कोणत्याही ब्राउझरमध्ये संगणकाचा अंकीय पत्ता व द्वारक्रमांक (जेलीफिनचा मूळ क्रमांक ८०९६) दिला की यादी दिसते. पत्ता दर वेळी बदलू नये म्हणून तो राउटरमध्ये कायम करून ठेवतात. सेकंदाला ४ मेगाबिट या दराने संपीडित केलेला दोन तासांचा चित्रपट सु. ३·६ गिगाबाइट जागा घेतो. एक टेराबाइटच्या तबकडीत असे सु. २७५ चित्रपट मावतात. पाच जणांनी एकाच वेळी पाच निरनिराळे चित्रपट पाहिले, तरी घरातील जाळ्यावर केवळ २० मेगाबिटांचा भार पडतो. केबलवाल्याला पाच यंत्रे व पाच वाहिन्या लागल्या असत्या.

खरा भार पुनःसंकेतनाचा असतो. साठविलेले रूप ग्राहक-उपकरणाला वाचता येत नसेल, तर सर्व्हरला ते चालता चालता बदलून द्यावे लागते आणि दुबळा संगणक तेथे अडखळतो. म्हणून सर्व चित्रे आधीच एच.२६४ सारख्या सर्वमान्य रूपात आणून ठेवणे हिताचे ठरते. फॅब्रिस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केलेली एफएफएमपेग ही मुक्त आज्ञावली हे काम रात्रभरात करून ठेवते.

हवामानाचा विचार परदेशी मार्गदर्शिकांत सहसा आढळत नाही. चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४५° से. च्या वर जातो. बहुतेक चुंबकीय तबकड्यांची कमाल कार्यमर्यादा ६०° से. असते व चालू तबकडी भोवतालच्या हवेपेक्षा सहज दहा-पंधरा अंशांनी तापते. तेव्हा बंद कपाटात ठेवलेला सर्व्हर मे महिन्यात मर्यादेच्या काठावर असतो. तो जमिनीलगत, जाड मातीच्या भिंतीच्या खोलीत ठेवणे उत्तम. विजेचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. लहान संगणक, तबकडी व राउटर मिळून सु. २५ वॅट शक्ती लागते. १२ व्होल्ट व १५० अँपिअर-तास क्षमतेच्या इन्व्हर्टर-बॅटरीतील निम्मी ऊर्जा वापरली तरी सु. ३० तास निघतात.

येथपर्यंतचा इतिहास साधनांचा झाला. साठवावयाचे काय, या प्रश्नाकडे वळले की साधनातच दडलेला एक पूर्वग्रह दिसू लागतो. सर्व्हर-आज्ञावली प्रत्येक फाइलचे नाव व वर्ष वाचून इंटरनेटवरील सूचीशी ताडून पाहते आणि तेथून भित्तिचित्र, नटनटींची नावे व कथासार आपोआप आणते. मुंबईचा वा हॉलिवुडचा चित्रपट असेल, तर पान क्षणात सजते. वडशाच्या नाटकमंडळीच्या प्रयोगाचे, माडिया लग्नातील रेला नृत्याचे किंवा मार्कंड्याच्या यात्रेचे चित्रण असेल, तर ते सूचीला ठाऊक नसते. यादीत रिकामा करडा चौकोन उमटतो, किंवा नामसादृश्यामुळे भलत्याच चित्रपटाचे भित्तिचित्र चिकटते. जे आधीच सर्वत्र उपलब्ध आहे ते येथे देखणे होते आणि जे दुसरीकडे कोठेच नाही ते निनावी राहते. याला उपाय आहे. प्रत्येक चित्रणाशेजारी एक छोटी वर्णनफाइल ठेवून तीत नाटकाचे नाव, मंडळी, गाव, तारीख व कलावंत हाताने लिहिता येतात आणि स्वयंचलित शोध बंद करता येतो. लिपीची अडचणही आता उरलेली नाही. देवनागरीखेरीज गोंडीसाठी मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी रचलेली लिपी २०१७ मध्ये व चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा येथील हस्तलिखितांत सापडलेली लिपी २०१८ मध्ये युनिकोडात समाविष्ट झाली. जालपृष्ठावर ती दिसण्यासाठी योग्य टंक तेवढा बसवावा लागतो.

मुंबईत २००८ पासून चालू असलेला पॅड.मा हा चित्रणसंग्रह या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तेथे तयार चित्रपटांपेक्षा त्यांच्यासाठी घेतलेली न वापरलेली चित्रणे ठेवली जातात व ब्राउझरमधूनच प्रत्येक क्षणाला टिपण जोडता येते. त्यामागील पॅन.डोरा ही आज्ञावली मुक्त असल्याने ती इतर संग्रहांनाही वापरता येते.

झाडीपट्टीतील जुन्या चित्रणांना काळाची मर्यादा आहे. १९८५ ते २००० च्या दरम्यान लग्नाच्या चित्रणकारांनी घेतलेल्या व्हीएचएस फिती घरोघरी पेट्यांत पडून आहेत. पावसाळ्यातील दमटपणाने फितीवर बुरशी धरते, चुंबकीय लेप सुटू लागतो, आणि फीत चालविणारी यंत्रे आता कोठेच तयार होत नाहीत. तीन तासांची फीत संगणकावर उतरविण्यास तीनच तास लागतात; हे काम घाईने उरकत नाही. उतरविल्यावर एक प्रत सर्व्हरवर व दुसरी वेगळ्या तबकडीवर, शक्य तर वेगळ्या गावी ठेवणे आवश्यक असते, कारण सर्व्हर ही दाखविण्याची सोय आहे, जतनाची हमी नव्हे.

कायद्याची बाजूही या ठिकाणी निराळी होते. प्रतिमुद्राधिकार अधिनियम, १९५७ याखाली चित्रपटाच्या प्रती काढण्याचा व लोकांना दाखविण्याचा हक्क मालकाचा असतो. खाजगी व वैयक्तिक उपयोगापुरती रास्त वापराची मुभा आहे. घरातील पडद्यापलीकडे, गल्लीला किंवा गावाला दाखवू लागताच केबलवाल्याचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. नाटकाच्या बाबतीत १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्या कलावंतालाही स्वतंत्र हक्क मिळाला आहे. त्यामुळे प्रयोगाचे चित्रण सार्वजनिक करण्यापूर्वी नाटककाराप्रमाणेच नट, गायक व वादक यांची संमती घेणे हे औचित्य तर आहेच, पण कर्तव्यही आहे.

बाहेरची तार हळूहळू रुंद होत आहे. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली व पुढे ती भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने गडचिरोलीसह दुर्गम जिल्ह्यांसाठी स्टारलिंक या उपग्रहीय सेवेशी इरादापत्र केले. त्याबरोबर दूरच्या कंपन्यांचे चित्रपटसंग्रहही जंगलात पोहोचतील. त्या संग्रहांतील चित्रपट कराराच्या मुदतीनुसार येतात व जातात, वर्गणी थांबली की पाहणाऱ्याकडे काहीच उरत नाही. आणि झाडीपट्टीचे नाटक त्यांच्या यादीत अपवादानेच सापडते. ते ज्या फितींवर आहे त्या उतरविण्याचे काम एखाद्या गावातील वाचनालयाला किंवा शाळेलाही एका जुन्या संगणकावर हाती घेता येण्याजोगे आहे. फितीवरील कलावंतांना ओळखून त्यांची नावे सांगू शकणारी माणसे हयात आहेत, तोवर वर्णनफाइली लिहून होणे हे त्यातील सर्वांत निकडीचे काम होय.